डहाणूचे कासव-इस्पितळ

शिराळ्यावर पडलेला पाऊस मोरणा नदीतून वारणेस, वारणेतून हरिपूरच्या संगमावर कृष्णेस मिळून अखेर आंध्रातील हंसलादीवी येथे बंगालच्या उपसागरात जातो, आणि त्याच मुखाच्या परिसरात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास वाळूवर चढतात. तेव्हा डोंगरकुशीत वसलेल्या बत्तीस शिराळ्याचाही या प्राण्याशी संबंध पोहोचतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. शिवाय ज्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये न्यायालयाचा हुकूम होऊन शिराळ्यातील नागपंचमीच्या जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, त्याच कायद्याचे छत्र समुद्री कासवांवरही आहे.

ते छत्र कागदावरून प्रत्यक्षात उतरलेले पाहावयाचे तर पालघर जिल्ह्यातील डहाणूस जावे. वनखाते आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने तेथे आजारी कासवांचे उपचारकेंद्र चालते. पावसाळ्यात दर्या खवळला, की तुटक्या जाळ्यांत गुरफटून पाय गमावलेली, उपासाने खंगलेली कासवे लाटांबरोबर किनाऱ्यास लागतात. त्यांच्या जखमा धुवाव्या, शरीरात पाणी भरावे, हौदात ठेवून ती बुडी मारू शकतात की नुसतीच तरंगतात हे पाहावे, आणि अंगी बळ आल्यावर पुन्हा सागराच्या स्वाधीन करावे, असे हे धीराचे काम आहे.

अशा कासवाची पाठ पुष्कळदा बार्नॅकल नावाच्या चिकटून राहणाऱ्या सागरी जीवांनी आणि कातडी जळवांनी व्यापलेली असते, आणि पाहणारास तेच रोगाचे मूळ वाटते. वस्तुतः बार्नॅकल कवचावर केवळ बिऱ्हाड करतो, कासवाचे रक्त पीत नाही; पोहण्याची शक्ती क्षीण झालेल्या देहावर त्याची दाटी होते, म्हणजे ती बहुधा आजाराची खूण असते, कारण नव्हे. जळवा मात्र रक्त शोषतात. दोहोंवर गोड्या पाण्याचे स्नान हा साधा इलाज आहे, कारण खाऱ्या पाण्यातील हे जीव ते सोसू शकत नाहीत, तर फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या कासवास त्याने काही काळ अपाय होत नाही.

खरा दुर्धर शत्रू दृष्टीआड असतो. स्पायरॉर्किड नावाचे पर्णकृमी कासवाच्या हृदयात व रक्तवाहिन्यांत राहतात, आणि त्यांची अंडी सूक्ष्म वाहिन्यांत अडकून फुप्फुसांपासून मेंदूपर्यंत दाह निर्माण करतात. प्राझिक्वांटेल हे औषध कृमींवर चालते, पण अंड्यांनी आधीच केलेली हानी त्याने भरून निघत नाही. पुष्कळदा तर शवविच्छेदनाशिवाय निदानच होत नाही. म्हणून माझ्या मते मेलेल्या कासवाची तपासणी ही जिवंत कासवाच्या शुश्रूषेइतकीच महत्त्वाची आहे. या कृमीची अळी आधी गोगलगायीसारख्या दुसऱ्या एखाद्या जीवात वाढते, आणि ती साखळी उलगडल्यावाचून रोगाचा उगम सापडावयाचा नाही.

रोगाशिवाय दुसरे संकट जाळ्यांचे; जाळे कापून त्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज सरकारने 2018 साली केली, हे फार चांगले झाले. आंबा घाट उतरून कोकणात जाणाऱ्या शिराळकरांस एवढीच विनंती, की किनाऱ्यावर निपचित कासव दिसले तर त्यास पाण्यात ढकलू नये, पाठीवरील बार्नॅकल चाकूने खरवडू नयेत. त्यास सावलीत ठेवून वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.