पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी काय विकलं? बेसबॉलच्या तीन क्लबांची गोष्ट



मागच्या व्हिडिओत आपण कॅश फ्लो बघितला. आज त्यातलाच एक अवघड प्रश्न घेऊ, पण जरा वेगळ्या मैदानावर. उधारी अडकली आहे, बँकेचा हप्ता दारात आहे, काहीतरी विकल्याशिवाय गत्यंतर नाही. मग काय विकायचं? जागा? टेम्पो? पडून असलेला माल? की ज्याच्या जिवावर गिऱ्हाईक येतं तेच, कारण त्यालाच सगळ्यात चांगला भाव मिळतो?

अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांसमोर शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न अगदी उघडपणे यायचा, कारण तिथे खेळाडूच रोखीने विकता यायचे. 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम होतं. करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. क्लब त्याला ठेवेल, काढेल किंवा दुसऱ्या क्लबला विकेल. हे कलम १९७५ पर्यंत टिकलं. माझ्या मते तो सरळ सरळ अन्याय होता, पण मालकाच्या डोक्यात काय चालायचं हे त्यातून स्वच्छ दिसतं.

खेळ माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. पिचर म्हणजे आपला बॉलर, कॅचर म्हणजे साधारण विकेटकीपर, होम रन म्हणजे सिक्सर समजा. मॅनेजर म्हणजे कोच, पण मैदानावरचे सगळे निर्णय त्याचे. आणि दोन लीगचे विजेते शेवटी भिडतात ती वर्ल्ड सिरीज.

सगळ्यात गाजलेली विक्री बेब रूथची. १९१९ च्या डिसेंबरात बोस्टन रेड सॉक्सच्या मालकाने, हॅरी फ्रेझीने, त्याला न्यूयॉर्क यांकीजला १ लाख डॉलरला विकलं. शिवाय स्वतःचं मैदान, फेनवे पार्क, तारण ठेवून यांकीजच्या मालकाकडूनच कर्ज उचललं. फ्रेझी नाटकांचा निर्माता होता आणि त्याला रोकड हवी होती. रूथने १९१९ मध्ये २९ होम रन मारले होते, तोच तेव्हाचा विक्रम होता. यांकीजकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने ५४ मारले. तोवर एकदाही वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या यांकीजनी १९२३ मध्ये ती जिंकली. बोस्टनने १९१८ नंतर पुढची जिंकली ती थेट २००४ मध्ये. ही गोष्ट सगळे सांगतात, म्हणून मी इथे थांबत नाही. मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा माणूस.

कॉनी मॅक: दोनदा शिखरावर, दोनदा तळाला

कॉनी मॅक फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा मॅनेजर होता. १९०१ ते १९५०, सलग ५० वर्षं! निवृत्त झाला तेव्हा वय ८७. इतर मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसायचे, हा मात्र सूट घालून, हातात गुंडाळलेलं स्कोअरकार्ड घेऊन बसायचा आणि त्याच कार्डाने फील्डर इकडेतिकडे हलवायचा. ३,७३१ सामने जिंकला, हा आजही विक्रम आहे. ३,९४८ हरला, तोही विक्रमच. एवढी वर्षं त्याला कोणी काढलं कसं नाही? सोपं आहे, तो क्लबचा भागीदार मालकही होता.

त्याची समज किती होती ते बघा. १९२९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर शिकागो कब्ज होते. मॅककडे लेफ्टी ग्रोव्हसारखा तोफखाना होता, पण पहिल्या सामन्यात त्याने हॉवर्ड एमकी नावाच्या ३५ वर्षांच्या पिचरला उतरवलं. त्या हंगामात एमकी फारसा खेळलाही नव्हता. लोक चक्रावले. मॅकने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की टीमबरोबर फिरू नकोस, मागे राहून कब्जचे सामने बघ आणि एकेक बॅटर नीट पाठ कर. एमकीने १३ बॅटर स्ट्राइकआउट केले, वर्ल्ड सिरीजच्या सामन्यातला तेव्हाचा विक्रम. मार्केट रिसर्च म्हटलं की आपल्याला पंचवीस पानी रिपोर्ट आठवतो. एमकीने फक्त बसून बघितलं होतं.

तर असा हा हुशार माणूस. १९१० ते १९१४ या पाच वर्षांत मॅकच्या टीमने चार वेळा लीग आणि तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच्या चार खेळाडूंच्या फळीला 'एक लाख डॉलरचं इनफिल्ड' म्हणायचे. १९१४ मध्ये फेडरल लीग नावाची नवी स्पर्धा उभी राहिली आणि जास्त पगाराचं आमिष दाखवू लागली. मॅकने पगार वाढवायच्या शर्यतीत न उतरता टीमच मोडली. एडी कॉलिन्सला शिकागो व्हाइट सॉक्सला ५० हजार डॉलरला विकलं, काही जणांना जाऊ दिलं. १९१४ मध्ये ९९ सामने जिंकलेली टीम १९१५ मध्ये ४३ आणि १९१६ मध्ये ३६ सामने जिंकली. सलग सात वर्षं शेवटचा नंबर.

मग त्याने पुन्हा उभं केलं, याचं मला खरंच कौतुक आहे. ग्रोव्हला १ लाख ६०० डॉलरला आणलं (वरचे ६०० कशाला, तर रूथच्या किमतीपेक्षा जास्त दिसावी म्हणून, असं सांगतात). जिमी फॉक्स, अल सिमन्स, मिकी कॉक्रेन हे हिरे जमवले. १९२९ आणि १९३० ची वर्ल्ड सिरीज घरी आणली.

आणि मग महामंदी आली. प्रेक्षक घटले, पगार मात्र तेवढेच. त्यात पेनसिल्व्हेनियात कायद्याने १९३३ पर्यंत रविवारी बेसबॉल बंद. म्हणजे गिऱ्हाइकाला सुट्टी असते त्या दिवशी आपलं शटर खाली, विचार करा! मॅककडे दुसरा धंदा नव्हता, मागे कुठल्या गिरणीचा किंवा बँकेचा आधार नव्हता. त्याने पुन्हा तेच केलं. १९३२ मध्ये सिमन्स आणि दोघे मिळून १ लाखाला. १९३३ मध्ये कॉक्रेन १ लाखाला, ग्रोव्ह आणि दोघे सव्वा लाखाला. १९३५ मध्ये फॉक्स दीड लाखाला. कर्ज फिटलं असेल, हप्ते गेले असतील. पण कॉक्रेन डेट्रॉइटमध्ये खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही भूमिकांत उतरला आणि १९३५ ची वर्ल्ड सिरीज त्याने तिथे जिंकली. मॅकच्या टीमने १९३१ नंतर लीगसुद्धा पुन्हा कधी जिंकली नाही. पुढे मॅकच्या मुलांमध्ये क्लबवरून ओढाताण झाली, दोन भावांनी कर्ज काढून तिसऱ्याचा वाटा घेतला, आणि ते कर्ज न पेलल्यामुळे १९५४ मध्ये क्लब विकला गेला. टीम फिलाडेल्फिया सोडून कॅन्सस सिटीला गेली. मॅक तेव्हा हयात होता.

आता तिसरा क्लब.

भाड्याने राहायला गेलेली टीम

सेंट लुईस कार्डिनल्स हा १९२० च्या आसपास कंगाल क्लब होता. नवा अध्यक्ष सॅम ब्रेडन हा मोटारींचा डीलर, म्हणजे आपल्यातलाच माणूस. आणि डोकं चालवायला ब्रँच रिकी, शिकलेला वकील, रविवारी सामन्याला न येणारा धार्मिक गृहस्थ, बोलण्यात भलताच चिवट. रिकीची अडचण अशी की तो छोट्या गावातल्या टीममधला मुलगा हेरायचा, भाव विचारायचा, आणि "रिकीला हवाय म्हणजे पोरात दम असणार" म्हणून श्रीमंत क्लब त्याच्यावर जास्त बोली लावून मुलगा उचलायचे. पारख याची, माल त्यांचा.

ब्रेडनने काय केलं? क्लबचं स्वतःचं लाकडी, जुनाट मैदान होतं, त्याची जमीन पावणेतीन लाख डॉलरला विकली. टीमला त्याच शहरातल्या ब्राउन्स क्लबच्या मैदानात भाडेकरू म्हणून नेलं. आलेल्या पैशातून आर्कान्सामधलं फोर्ट स्मिथ, टेक्सासमधलं ह्यूस्टन अशा छोट्या टीममध्ये हिस्सा घेतला. मुलं तिथे घडायची आणि वर यायची. यालाच पुढे 'फार्म सिस्टिम' म्हणू लागले. आपल्या भाषेत, रोपं विकत न आणता नर्सरीच घातली.

१९२६ मध्ये कार्डिनल्स पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले. १९३० मध्ये ते मॅकच्या टीमकडून हरले, पण १९३१ मध्ये परत त्याच टीमशी गाठ पडली आणि या वेळी ४-३ ने जिंकले. त्या सिरीजचा हिरो पेपर मार्टिन याच नर्सरीतला. स्टॅन म्यूझियलला तर पिचर म्हणून घेतलं होतं, १९४० मध्ये खांदा दुखावल्यावर त्याला बॅटर केलं. कारकिर्दीत ३,६३० हिट्स: घरच्या मैदानावर १,८१५, बाहेर १,८१५!

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रिकीसुद्धा खेळाडू विकायचाच, भरपूर विकायचा. १९३४ मध्ये ३० सामने जिंकून देणारा पिचर डिझी डीन दुखापतीनंतर १९३८ मध्ये शिकागो कब्जला १ लाख ८५ हजार डॉलर आणि तीन खेळाडूंच्या बदल्यात दिला. फरक एवढाच की डीन गेला तेव्हा मागे रांग उभी होती, आणि फॉक्स गेला तेव्हा मॅकच्या मागे कोणी नव्हतं. माझ्या दुकानात काउंटरवर दोन मुलं पुरतात, तरी मी तिसरा शिकाऊ ठेवतो. लोक म्हणतात पगार वाया घालवतोस. त्यांना मी डिझी डीनचं नाव सांगतो, कोणाला काही कळत नाही, पण विषय तिथे संपतो.

रिकीला देव करू नका, हेही सांगतो. नर्सरीतल्या पोरांना पगार तुटपुंजा होता आणि रिझर्व्ह क्लॉजमुळे बाहेर पडायची सोय नव्हती. नंतर ब्रुकलिन डॉजर्सला गेल्यावर त्याने जॅकी रॉबिन्सनला आणलं आणि १५ एप्रिल १९४७ ला मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली, हे त्याचं सगळ्यात मोठं काम. पण रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे खेळायचा, त्या क्लबला त्याने एक डॉलरही दिला नाही. कृष्णवर्णीय लीगच्या दुसऱ्या एका क्लबच्या, न्यूअर्क ईगल्सच्या, मालकीण एफा मॅनली यांचा पिचर डॉन न्यूकम त्याने असाच फुकट नेला. १९४७ मध्ये क्लीव्हलँडच्या बिल व्हेकला त्यांचा लॅरी डोबी हवा झाला, तेव्हा मॅनलीबाई अडून बसल्या आणि एकूण १५ हजार डॉलर घेऊनच माणूस सोडला. गोऱ्या खेळाडूच्या मानाने रक्कम कमीच, पण त्यांनी क्लबच्या मालाला किंमत आहे हे कबूल करून घेतलं. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेल्या त्या पहिल्या महिला.

आणि ते भाड्याचं मैदान? १९४४ ची वर्ल्ड सिरीज घरमालक ब्राउन्स आणि भाडेकरू कार्डिनल्स यांच्यातच, त्याच मैदानावर झाली. भाडेकरू ४-२ ने जिंकले. १९५३ मध्ये ब्राउन्सकडे पैसे संपले, मालक हाच बिल व्हेक होता. त्याने मैदान विकायला काढलं आणि ते कार्डिनल्सच्या नव्या मालकांनी विकत घेतलं. पुढच्या वर्षी ब्राउन्स शहर सोडून बाल्टिमोरला गेले.