मंद आचेची शाळा

संपादकांनी पाठवलं होतं ते हैदराबादच्या बेकऱ्यांवर लिहायला. बिर्याणीवर दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितंच, या वेळी गोडाकडे वळू, असं त्यांचं म्हणणं. माझी भाची परभणीहून तिथं पेस्ट्रीचा डिप्लोमा करायला गेलेली आहे, म्हणून मीही लगेच हो म्हटलं. सुट्टीच्या दिवशी शहरभर फिरून गोड चाखायचं आणि वहीत टिपून ठेवायचं, हा तिचा नेम. तिच्या मागोमाग फिरलं की लेख होईल, असा हिशेब होता. यादी लांबलचक होती. ती निम्मीही पुरी झाली नाही, कारण शाहअली बंड्याजवळच्या एका गल्लीतल्या हलव्याच्या कारखान्यात आम्ही बसलो, आणि मग तिथंच परत परत जात राहिलो.

मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. 1956 पर्यंत आमची राजधानी तीच. आमच्याकडच्या जुन्या पिढीतले कितीतरी वकील, डॉक्टर, मास्तर उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकून आले. काचिगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांत मराठी घरं अजून आहेत, जांबागेत विवेक वर्धिनी आहे. आणि रात्रीच्या गाडीनं नांदेड-परभणीकडे परतणाऱ्याच्या पिशवीत कराची बेकरीच्या फ्रूट बिस्किटांचा डबा असतोच. फाळणीत सिंध सोडून आलेल्या खानचंद रामनानींनी 1953 मध्ये ही बेकरी मोअज्जमजाही मार्केटपाशी काढली. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दुसऱ्या मुलाच्या नावाचं हे दगडी मार्केट 1935 सालचं. मध्यंतरी त्याची पार रया गेली होती. डागडुजी होऊन 2020 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, आणि आता संध्याकाळी तिथं आइस्क्रीम खाणाऱ्यांची गर्दी असते. उस्मानिया बिस्किटाबद्दल उस्मानिया हॉस्पिटलातल्या रुग्णांची गोष्ट सांगतात, कुणी निजामाच्या आवडीची सांगतात. मला त्या गोष्टींपेक्षा बिस्किटातलं मीठ महत्त्वाचं वाटतं. दाट, गोड इराणी चहाबरोबर नुसतं गोड बिस्किट तोंडाला मिठी मारतं. हे मारत नाही. चारमिनारसमोर निमरा कॅफेत भट्टीतून निघालेले गरम ट्रे समोरून जातात, तिथं उभ्याउभ्या हे कळतं.

भाची ज्या संस्थेत शिकते ती खासगी आहे, फी भरपूर आहे, आणि शिकवतात चांगलं. पेस्ट्रीची खोली वेगळी, थंडगार. क्रोसाँचं पीठ लाटायचं, त्यात लोण्याची चपटी लादी गुंडाळायची, तीन पदरी घडी, फ्रिजमध्ये विश्रांती, परत लाटणं. अशा तीन घड्यांत लोण्याचे 27 थर होतात. पफ पेस्ट्रीच्या सहा घड्यांत 729. सारा खेळ तापमानाचा. लोणी पंधरा अंशांच्या आसपास हवं. त्याहून थंड असेल तर आत तुकडे पडतात, गरम झालं तर पिठात जिरतं आणि थर उरत नाहीत. तीस-बत्तीस अंशांना लोणी पाझरायला लागतं, आणि हैदराबादचा मे महिना चाळिशीच्या पुढचा. म्हणून गल्लीतल्या बेकरीत अंडा पफ आणि दिलपसंद करतात ते मार्गारिनवर. ते उन्हाळ्यातही टणक राहतं. संस्थेतली मुलं मार्गारिन म्हटलं की नाक मुरडतात. भाची मुरडत नाही. नामपल्लीकडच्या एका बेकरीत तिनं एका कारागिराला उघड्या ओट्यावर, पंख्याखाली, डोक्यावर पत्रा तापलेला असताना पफचं पीठ लाटताना पाहिलं, आणि त्याच्या घड्या तिच्यापेक्षा सरळ होत्या. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हाच तिला काय दिसायला लागलंय ते माझ्या लक्षात आलं.

बाकीचं गोड आम्ही भराभर चाखलं. डबल का मीठा म्हणजे तुपात तळून दुधात भिजवलेला पाव. लग्नाच्या पंक्तीतला चांगला, हॉटेलातला बहुतेक ठिकाणी नुसता साखरपाणी. खुबानी का मीठा मात्र जपून खावा. सुक्या जर्दाळूंचा गर शिजून शिजून आपल्याच अंगच्या गोडीनं दाट होतो. त्यांच्या बिया फोडून आतला बदामासारखा गर वर घालतात, आणि ज्या घरी बिया फोडायचा कंटाळा केलेला असतो तिथला मीठा ओळखू येतो. पूतरेकुलु इथला नव्हे, तो गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या आत्रेयपुरमचा. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं क्षणभर ओढायचं, की मडक्यावर पारदर्शक पापुद्रा उरतो. भाचीनं तो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिली. लाटणं नाही, लोणी नाही, फ्रिज नाही, आणि थर तर आहेत.

मग जौजी हलवा. त्याचं नाव घेतलं की हैदराबादी माणूस मोअज्जमजाही मार्केटजवळच्या हमीदी कन्फेक्शनर्सकडे बोट दाखवतो. जौज म्हणजे जायफळ, पण या हलव्याचा जीव जायफळात नाही, मोड आणलेल्या गव्हात आहे. गहू भिजवायचा, मोड आणायचे, ते बोटाच्या पेरापेक्षा कमी असतानाच गहू वाळवायचा आणि दळायचा. या पिठाला समनक म्हणतात. समनक, दूध, साखर, तूप, केशर, जायफळ, एवढंच साहित्य. बाकी सगळी आच आणि हात. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढतात, त्याच्याशी याचं बाहेरून साम्य दिसतं. फरक एवढाच की चिकासाठी गव्हातलं सत्त्व तसंच्या तसं हवं असतं आणि इथं त्याची साखर व्हावी म्हणून मुद्दाम मोड आणलेले असतात.

आम्ही ज्या कारखान्यात बसलो तो दुकानांना माल पुरवणारा, पाटी नसलेला. अंगणात दोन मोठ्या कढया, एक चिणलेल्या भट्टीवर, एक गॅसच्या शेगडीवर. उस्ताद साठीच्या पुढचे, अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात माणसाच्या उंचीचा लाकडी दांड्याचा उलथणा. त्यांनी समनक कोमट दुधात कालवलं आणि आच इतकी कमी केली की मला वाटलं विझली. बराच वेळ काहीच घडेना. भाचीनं विचारलं, आच थोडी वाढवू का? उस्ताद म्हणाले, "नक्को बेटा. हल्लू. जल्दी किए तो लेई बनती, हलवा नई बनता."

भाचीनं पिशवीतून संस्थेतला सळईचा थर्मामीटर काढला, परवानगी विचारली आणि कढईत बुडवला. साठच्या थोडा पुढं. ती एकदम माझ्याकडे वळली. "मावशी, हे माल्ट आहे!"

संस्थेत पावाच्या पिठात चिमूटभर माल्ट पावडर घालतात, ती जवापासून केलेली. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज तयार होतं, आणि ते पिठातल्या स्टार्चचं माल्टोज साखरेत रूपांतर करतं. साठ-सत्तर अंशांत त्याचं काम जोरात चालतं. ऐंशीच्या आसपास पोचेस्तोवर ते निकामी होतं. म्हणजे उकळत्या दुधात समनक टाकलं तर स्टार्च फुगून नुसती खळ होणार. मंद आचेवर तासभर धरलं तर पीठ आपल्यातूनच साखर काढणार, पुढं तीच साखर आणि दुधातली प्रथिनं एकमेकांना भेटून हलव्याला तो गडद तपकिरी रंग आणि भाजका वास येणार. वरून घातलेली साखर हे करू शकत नाही. उस्तादांना अमायलेज हा शब्द माहीत नाही, थर्मामीटर त्यांनी हातात धरून उलटसुलट पाहिला आणि परत दिला. पण कढईच्या कडेला हाताची पाठ लावून ते आच ठरवत होते, आणि सळई दर वेळी त्यांच्या बाजूनं साक्ष देत होती. मी पुष्कळ कारखाने पाहिलेत. कौशल्य इतकं उघड्यावर, इतकं तपासून घेता येईल असं, फार कमी वेळा पाहायला मिळालं.

ही विद्या एकट्या हैदराबादची नाही. इराणात कोमचं सोहान मोड आलेल्या गव्हाच्या पिठावरच उभं आहे, नवरोजला समनू शिजतं, आणि आपल्याकडच्या सोहन हलव्याचा वंशही तोच. मध्य आशियातून दख्खनपर्यंत ही मोडाची गोडी कढईकढईनं आली. फ्रेंच पेस्ट्रीची पुस्तकं संस्थेच्या कपाटात आहेत. समनकचं पुस्तक त्या कपाटात नाही.

आता अडचणी. मला खरं तर कढईबद्दलच आणखी लिहायचं होतं, पण उस्तादांशी बोलणं वळायचं ते इकडेच.

पहिली अडचण हाताची. दूध आटत आलं की उलथणा क्षणभरही थांबवता येत नाही, बूड लागतं. पुढं तूप सुटेपर्यंत मिश्रण इतकं जड होतं की दोघांनी आळीपाळीनं ओढावं लागतं. खांदे जातात. म्हणून गॅसवरच्या कढईला मोटर बसवलेली आहे, खव्याच्या मशीनला असते तशी: मधोमध दांडा, त्याला पाती, ती बूड खरवडत फिरतात. पहिले काही तास मशीन उत्तम काम देतं. शेवटी मात्र दाणा धरायची वेळ येते, आणि मशीन एकाच वेगानं फिरत राहून दाणा मोडतं. तेव्हा उस्ताद मोटर बंद करून स्वतः उलथणा घेतात. कधी दाबतात, कधी नुसतं उचलून सोडतात. हा शेवटचा टप्पा येणारा कारखान्यात आणखी एकच जण आहे, आणि तो पन्नाशीचा. उस्तादांचा एक मुलगा रियाधमध्ये एसीची कामं करतो, दुसरा टॅक्सी चालवतो. दोघांनी कढईला हात लावू नये असं खुद्द उस्तादांनीच ठरवलं होतं. त्या खांद्यांकडे बघून त्यांना दोष कसा द्यायचा?

दुसरी तुपाची. दुकानदार भाव पाडून मागतात, मग निम्मं वनस्पती घालायची पाळी येते. वनस्पतीचा हलवा थंड झाला की टाळूला चिकटतो, आणि नवं गिऱ्हाईक जौजी हलवा असाच असतो असं समजून परत येत नाही. नावाजलेली दुकानं दर राखून आहेत, त्यांचं चालेल. पण दिल्लीचं घंटेवाला, 1790 पासूनचं, सोहन हलव्यासाठी लांबलांबून लोक यायचे ते, 2015 मध्ये बंद झालंच ना. मोठ्या नावांची ही गत, तर पाटी नसलेल्या कारखान्याचं काय, ही काळजी मला तिथं बसल्यापासून लागली आणि अजून गेली नाही.

तिसरी अडचण भाचीची स्वतःची. तिला हे शिकायचं आहे. कारखान्यात बाई कधी कामाला नव्हती. उस्तादांनी तिला आधी स्टुलावर बसवलं, मग समनक चाळायला दिलं, आणि एका दुपारी उलथणा हातात दिला. कारागीर हसले, मग गप्प झाले, कारण तिनं तो सोडला नाही. पण डिप्लोमाच्या शेवटी सहा महिने प्रशिक्षण करावं लागतं, आणि ते मोजलं जातं फक्त हॉटेलच्या किंवा नोंदणीकृत बेकरीच्या किचनमध्ये. गच्चीबावलीकडच्या एका मोठ्या हॉटेलात तिची निवड झालेली आहे. काम पहाटे चारपासून क्रोसाँ लाटायचं, विद्यावेतन हातखर्चापुरतं, घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता. ते नाकार असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

तिनं मधला मार्ग काढलाय. चार महिने हॉटेल, दोन महिने कारखाना, असं विभागून मिळावं म्हणून अर्ज केला. संस्थेच्या शिक्षिका तिच्या बाजूनं आहेत. त्यांनी स्वतः येऊन कढई पाहिली आणि जाताना समनकची पुडी मागून नेली. कार्यालयानं मात्र तीन गोष्टी मागितल्या: अन्नसुरक्षेचा परवाना, रोजच्या कामाची नोंदवही आणि प्रशिक्षकाची शिक्क्यासह सही. परवाना आहे, भिंतीला लावलेला. नोंदवही भाचीच लिहिते आहे, तारीखवार, तापमानासह. समनकचं प्रमाण उस्तादांनी तिला सांगितलं, तुपाचं सांगितलेलं नाही. सही उस्ताद उर्दूत करतात. शिक्का त्यांच्याकडे कधीच नव्हता. मी निघाले तेव्हा ती कोठीला शिक्का बनवायला टाकायच्या तयारीत होती, आणि शिक्क्यावर नाव कारखान्याचं घालायचं की उस्तादांचं, यावर दोघांचं एकमत व्हायचं होतं. त्याचं कारण असं की कारखान्याला नावच नाही.