मिशिगनची दलदल आणि हवाई दलाचा तपास

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेक्स्टर गावाजवळच्या दलदलीवर मार्च १९६६ मध्ये शेतकरी कुटुंबाला चमकणारे दिवे दिसले, तेव्हा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या, यूएफओंची म्हणजे अनोळखी उडत्या वस्तूंची छाननी करणाऱ्या हवाई दलाच्या प्रकल्पाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक तेथे पोहोचले. कुजणाऱ्या वनस्पतींतून निघणारा, मुख्यतः मिथेनयुक्त दलदलीचा वायू पेटला असावा, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. त्यांनी ही केवळ शक्यता म्हणून मांडली असली, तरी ग्रामस्थांना ती थट्टा वाटली, आणि त्यांचा राग रास्तच होता, कारण ती दलदल त्यांच्या रोजच्या पायाखालची होती. मिशिगनचे लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. प्रकल्प १९६९ मध्ये गुंडाळला गेला, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरितच होत्या.