दोन वूफर भांडतात तेव्हा

हॉलमध्ये होम थिएटर बसवलंय. सिनेमात स्फोट होतो. सोफ्याच्या कडेला बसलेल्या भावाच्या छातीत धडधडतं, मधोमध बसलेल्या तुम्हाला मात्र नुसतं 'ठप' ऐकू येतं, आणि मागच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसलेली आजी म्हणते, 'बंद करा रे ते घुमणं!' गंमत म्हणजे तिघांचंही खरं असतं. एकाच खोलीत, एकाच क्षणी, तिघांना तीन वेगळे बेस ऐकू येत असतात.

मग कुणीतरी सुचवतं, अजून एक सबवूफर घे. सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं कारण बहुतेकदा चुकीचं असतं. दुसरा सब हा आवाज वाढवायला नसतो, तो प्रत्येक जागेवर साधारण सारखा बेस पोचावा म्हणून असतो. नुसता आणून जोडला, तर दोघं एकमेकांचा आवाज खाऊ शकतात. मग घरच्यांना 'एवढे पैसे कशाला घातले' याचं उत्तर तुम्हीच द्यायचं.

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमधली रेझोनन्स ट्यूब आठवतेय? ट्यूनिंग फोर्क वाजवायचा, पाण्याची पातळी खालीवर करायची आणि एका ठिकाणी आवाज एकदम मोठा व्हायचा. तुमचा हॉल म्हणजे तसलीच नळी, फक्त दोन्ही टोकं बंद. समजा हॉल पंधरा बाय दहा फुटांचा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीच्या दिशेने साधारण ३८ हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला स्टँडिंग वेव्ह उभी राहते. भिंतीपाशी दाब सर्वात जास्त, बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून आजीला घुमतं आणि तुम्हाला ऐकू येत नाही. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून यात काडीचा फरक पडत नाही. ३८ हर्ट्झची लहर नऊ मीटर लांब असते, तिला ट्रे काय अडवणार!

आता दुसऱ्या सबची कमाल बघा. लांबीच्या दोन टोकांना या लहरीची दिशा उलट असते, एकीकडे दाब वाढतो तेव्हा दुसरीकडे कमी होतो. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सारखे सब ठेवले आणि त्यांना एकच सिग्नल दिला, तर एक जी लहर उभी करू बघतो ती दुसरा पाडतो. आणि दोघं रुंदीच्या मध्यावर, म्हणजे शून्याच्या जागी असल्यामुळे ५६ हर्ट्झचीही लहर नीट उठत नाही. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी असल्या जागांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चारही भिंतींच्या मध्यावर चार सब ही मांडणी त्यात उत्तम ठरली, समोरासमोरचे दोन तिच्या बऱ्यापैकी जवळ पोचले, आणि चाराच्या पुढे जाऊन खास काही हाती लागत नाही असं दिसलं. तेव्हा 'आठ सब लावलेत' अशा रील्स बघून मन छोटं करू नका.

अशी जागा मिळाली तर अर्धं काम झालं. दोन्ही सब एकाच मॉडेलचे असू द्या आणि दोघांचे व्हॉल्यूमचे नॉब एकाच खुणेवर ठेवा. लहर पाडायची तर दोघांचा जोर सारखाच हवा. सबवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर न्या, कारण ते काम रिसीव्हर करतो. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झपासून सुरुवात करा.

पण आपल्याकडे एका भिंतीत दार, दुसरीत बाल्कनी, तिसरीला शोकेस. समोरासमोर जागा मिळतेच कुठे? मग जिथे जमेल तिथे ठेवायचं आणि वेळ जुळवायची. एक सब दुसऱ्यापेक्षा १.७ मीटर जवळ असेल तर त्याचा आवाज ५ मिलिसेकंद आधी येतो. ऐकायला काहीच नाही, पण ५० हर्ट्झची एक फेरीच २० मिलिसेकंदांची. म्हणजे दोघं पाव फेरी मागेपुढे! आणखी थोडं सरकलं की बेरजेची वजाबाकी सुरू. ही चूक फेज किंवा डिलेच्या सेटिंगने सुधारता येते.

सुधारली की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजण्यासाठी असलेला यूएसबी माइक, लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर एवढं पुरतं. माइक चार मित्रांनी मिळून घ्या, रोज लागत नाही. तोही नसेल तर टोन जनरेटर आणि मोबाइलचं साउंड मीटर वापरा. मोबाइलचा माइक खालच्या सुरांना कमी पकडतो, त्यामुळे आकडा खरा मानू नका. मात्र एकच टोन लावून या जागेची त्या जागेशी तुलना नक्की करता येते. सोफ्याच्या दोन्ही कडा, मध्य आणि मागची खुर्ची, चारही ठिकाणी मोजा. जी सेटिंग तुमच्या एकट्याच्या जागेवर सर्वात जोरात वाजते ती सोडून द्या, चौघांतला फरक सर्वात कमी करणारी ठेवा.

ईक्वलायझर सगळ्यात शेवटी, आणि तोही दोन्ही सबना एक समजून. सगळ्या जागांवर सारखे दिसणारे उंचवटे खाली आणा. खड्डे भरायला मात्र जाऊ नका. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दसपट पॉवर मागायची, आणि लहरीच जिथे एकमेकींना खोडतात तिथे ती पॉवर नुसती जळते. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशनही जागा पक्क्या झाल्यावरच चालवा. त्याने सबचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर बदलू नका, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्याने त्यात धरलेला असतो.

हे सगळं झाल्यावर पहिल्या दिवशी बेस कमी झाल्यासारखा वाटेल, कारण कानाला घुमण्याची सवय लागलेली असते. आठवडाभर तसंच ऐका. तरी कमी वाटलं तर दोन्ही सब एकत्र दोन-तीन डेसिबल वर घ्या. रात्री दहानंतर मात्र नको, बेस स्लॅबमधून सरळ खालच्या मजल्यावर जातो.