ओल्सेन-चबक : गवताळ मैदानावरील सामूहिक शिकार
घोडेस्वारी व धनुष्यबाण अवगत नसताना उघड्या मैदानावर बायसनसारख्या बलाढ्य प्राण्याची शिकार कशी होत असे, याचा पुरावा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ओल्सेन-चबक येथे मिळतो. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शिकाऱ्यांनी बिथरवलेला कळप तेथील अरुंद घळीत लोटला. जो बेन व्हीट यांनी १९५८ व १९६० मध्ये केलेल्या उत्खननात सुमारे १९० बायसनांचे सांगाडे आढळले. आघाडीची जनावरे मागून कोसळणाऱ्यांखाली चिरडली गेली होती. वरच्या जनावरांचे मांस पद्धतशीर काढलेले दिसते. तळाशी अडकलेली काही मात्र तशीच राहिली. तात्पर्य, शिकारीचे यश शस्त्रापेक्षा कळपाचा स्वभाव व भूरचना यांच्या ज्ञानावर आणि परस्परसहकार्यावर अवलंबून होते. तसेच, आदिम शिकारी केवळ गरजेपुरतेच मारीत असे, हा समज सरसकट स्वीकारता येत नाही.