विचारल्याने विचार येतो का?

‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं थेट विचारलं तर नसलेला विचार आपणच पेरू, ही भीती सुशिक्षित घरांतही असते. ती निराधार आहे. या विषयावरील अभ्यासांचा २०१४ साली आढावा घेतला गेला, तेव्हा विचारण्यामुळे असे विचार वाढल्याचा पुरावा सापडला नाही. काहींना तर त्याने हलकंच वाटतं.

बोलण्यातून मदतीची वाटही उघडू शकते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते ताणाबद्दल, झोप उडण्याबद्दल लोकांशी बोलत. गरज भासली तर समुपदेशक आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय त्यालाच देता येत नाही. तरी मदतीकडे वळणाऱ्यांची वाढ मला बोलकी वाटते.

विचारायचं कसं? ‘तसलं काही डोक्यात नाही ना?’ हा प्रश्न नव्हे, ‘नाही’ म्हणायची सक्तीच. साधं, स्पष्ट विचारा आणि उपदेश न करता ऐका. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर ठेवा, डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, आणि काळजीत पडलेल्या नातेवाइकांनीही तो लावावा.