नौकेचा तळ आणि झिजणारे लेप

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका पाण्याबाहेर ओढल्या जातात, त्यांच्यावर झाप किंवा ताडपत्री घातली जाते आणि बंदी उठण्याच्या सुमारास नव्या हंगामासाठी त्यांची डागडुजी व रंगकाम उरकले जाते. या कामाबद्दल, आणि एकूणच नौकेच्या पृष्ठभागाच्या निगेबद्दल, जे समज रूढ आहेत त्यांतील बऱ्याच समजांच्या मुळाशी एकच गृहीत असते, ते म्हणजे लेप जितका कडक, चकचकीत आणि टिकाऊ, तितके नौकेचे रक्षण अधिक. पाणरेषेच्या वरच्या भागापुरते हे गृहीत अर्धेमुर्धे खरे आहे. पाणरेषेखाली मात्र ते बहुतांशी उलटे ठरते, कारण तेथे पिढ्यानुपिढ्या उपयोगी पडलेले लेप स्वतः झिजून किंवा विरघळूनच आपले काम करतात.

आज लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर एकावर एक चढवून घडवलेल्या नौका मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या बाह्य पृष्ठभागाला जेलकोट म्हणतात. तो वरून मारलेला रंग नसून रंगद्रव्य मिसळलेल्या रेझिनचाच साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर असतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे या रेझिनचा वरचा पापुद्रा हळूहळू विघटित होतो, पृष्ठभाग निस्तेज दिसू लागतो आणि त्यावर काळे फडके दाबून फिरवले तर फडक्याला पांढरी भुकटी लागते. अशा भुकटीवरच मेण चोळले की नौका पुन्हा नवी होते, हा समज मेण विकणाऱ्यांच्या सोयीचा असला तरी खरा नाही. मेणाने पृष्ठभागावरील सूक्ष्म खळगे भरतात, म्हणून चकाकी लगेच येते, परंतु सुट्या भुकटीवर बसलेले मेण भुकटीबरोबरच निघून जाते. आधी रबिंग कंपाउंडने, म्हणजे बारीक अपघर्षक कण असलेल्या लेपाने, मृत थर काढावा लागतो आणि मगच मेणाचा उपयोग होतो. पण म्हणून दरवर्षी नेमाने घासावे असेही नव्हे. प्रत्येक घासणीत त्या अर्ध्या मिलिमीटरमधला थोडा भाग कायमचा जातो, तो कोणतेही मेण परत आणत नाही. मेण लावायचे ते जेलकोटऐवजी ऊन आणि खारे वारे यांना तोंड देऊन आधी मेणानेच झिजावे म्हणून. कार्नौबा हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे, ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारे कठीण मेणही किनाऱ्यावरच्या उन्हात काही महिन्यांपलीकडे टिकत नाही, आणि भांडी घासण्याच्या साबणाने नौका धुतली तर ते त्याआधीच उतरते.

पाणरेषेखाली मेणाचा उपयोग तर नाहीच, उलट ते तेथे अडथळाच ठरते, कारण त्यावर तळाचा रंग धरत नाही. नव्या नौकेच्या तळावर साच्यातून सहज सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा अंश राहिलेला असतो. तो द्रावकाने पुसून काढला नाही तर पहिलाच रंग पापुद्र्यांनी सुटतो. फायबरमध्ये पाणी मुरत नाही, ही समजूतही याच भागाविषयीची आहे. जेलकोटमधून पाण्याचे रेणू अतिशय मंद गतीने आत जातात, आतल्या विद्राव्य रसायनांशी त्यांचा संयोग होतो आणि परासरणाच्या, म्हणजे पातळ द्रावणातील पाणी अर्धपार्य पडद्यातून घट्ट द्रावणाकडे ओढले जाण्याच्या क्रियेने दाब वाढून तळावर फोड येतात. असा फोड टोचला तर शिरक्यासारख्या आंबट वासाचा द्रव बाहेर येतो. वरून रंगाचा आणखी एक हात मारल्याने फोड दिसेनासे होतात, बरे होत नाहीत. त्यांना उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरावे लागते.

तळावर वाढणारी जीवसृष्टी ही केवळ दिसण्याची अडचण आहे, असे मानणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पाठबळाने झालेल्या अभ्यासातील एक आकडा पुरेसा आहे: जहाजाच्या निम्म्यापर्यंतच्या तळावर केवळ अर्धा मिलिमीटर जाडीची शेवाळी बुळबुळ असली तरी हरितगृह वायूंचे उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, आणि ही वाढ जास्त जळालेल्या इंधनाचीच असते. त्यानंतर येणाऱ्या बार्नेकलना कवचामुळे शिंपल्यांचे भाऊबंद समजले जाते. प्रत्यक्षात ते कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले आहेत, हे जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी १८३० मध्ये त्यांच्या डिंभांवरून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लांवरून, दाखवून दिले. हे डिंभच जागा निवडून चिकटतात, म्हणून रोखायचे ते त्यांना. प्रौढ बार्नेकल खरवडून काढण्याने डिंभांना चिकटण्यासाठी खडबडीत जागा मात्र तयार होते.

या रोखण्याचे मर्म तांब्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये एचएमएस अलार्म या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकले, ते मुख्यतः लाकूड पोखरणाऱ्या जीवांपासून बचाव म्हणून. पत्रे उपयोगी ठरले, परंतु दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खंगलेले आढळले, आणि जेथे दोहोंमध्ये तपकिरी कागद राहिला होता तेथले खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की विद्युत्घट तयार होऊन त्यांतील अधिक क्रियाशील धातू गंजतो, याचे ते नकळत झालेले प्रात्यक्षिक होते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये हेच तत्त्व उलटे वापरले: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले म्हणजे ते तुकडे गंजतील आणि तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. मात्र त्या जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि बार्नेकल यांची दाटी झाली आणि आरमाराला ती योजना गुंडाळावी लागली. तांबे समुद्रजीवांना दूर ठेवत होते ते कणाकणाने विरघळत होते म्हणूनच, आणि विरघळणे थांबवताच ते दगडासारखेच निरुपद्रवी झाले.

आजच्या तळरंगांत बहुधा क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग असते आणि त्यांचे काम याच तत्त्वावर चालते. म्हणून हंगामाअखेर रंग विटून झिजलेला दिसला की तो निकृष्ट निघाला असे समजणे चुकीचे आहे. जाणकार खालचा हात एका रंगाचा आणि वरचे हात दुसऱ्या रंगाचे देतात, जेणेकरून खालचा रंग डोकावू लागला की पुन्हा रंगवण्याची वेळ कळावी. अधिक जहाल विष म्हणजे अधिक चांगला रंग, या समजुतीची परीक्षाही होऊन चुकली आहे. ट्रायब्युटिल टिन हे अत्यंत परिणामकारक संयुग वापरात आल्यावर फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची कवचे विकृत होऊ लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये त्यावर निर्बंध आणले आणि त्याला जगभर मनाई करणारा, २००१ मध्ये संमत झालेला करार २००८ मध्ये अमलात आला.

तळाला बसवलेल्या जस्ताच्या वड्या वाचवण्यासाठी त्यांनाही रंग फासला जातो. पंखा आणि त्याचा दांडा यांच्याऐवजी गंजणे हेच त्या वड्यांचे काम असल्याने रंगवलेली वडी नसल्यासारखीच होते. वर्षानुवर्षे नवीकोरी राहिलेली वडी पाहून समाधान मानण्याऐवजी तिची जोडणी तपासावी. ॲल्युमिनियमच्या नौकेला तर तांब्याचा तळरंगच वर्ज्य आहे, कारण तेथे अलार्मच्या खिळ्यांची जागा नौकेचा तळ घेतो.

लाकडी होडीबाबत सागवानाला कीड लागत नाही असे सर्रास सांगितले जाते. मुंबईत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली एचएमएस ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे, हे सागवानाच्या टिकाऊपणाचे निर्विवाद उदाहरण आहे. तरीही सागवान प्रतिकारक आहे, अभेद्य नव्हे. पोखरणारा टेरेडो हा किडा नसून लांबट देहाचा शिंपलाच आहे, जो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढतो, त्यामुळे बाहेरून फळी धडधाकट दिसते. होडी चार दिवस वाळूवर ओढून ठेवल्याने तो मरत नाही, कारण बिळाचे तोंड बंद करून तो कित्येक दिवस तग धरतो. उलट तेवढ्या काळात ऊन लागून फळ्या आकसतात आणि सांध्यांच्या फटी उघडतात. होडी पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगून या फटी मिटणाऱ्या असल्याने कोरड्या होडीत त्या कडक इपॉक्सीने ठासून भरणे म्हणजे फळ्यांना फुगायला जागाच न ठेवणे होय.

जुना तळरंग कोरड्या कागदाने घासण्याची सवय मात्र सर्व प्रकारच्या नौकांवर सारखीच घातक आहे: तांब्याची ती धूळ श्वासाबरोबर आत जाते आणि उरलेली वाळूत मुरून भरतीबरोबर खाडीत पोहोचते, म्हणून तळ ओला करून घासावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि जमा झालेला गाळ पाण्यापासून दूर, घातक कचरा म्हणून वेगळा ठेवावा.